सावरखुटीची अकरा मिनिटं

सावरखुटीची वीज रोज संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी जायची आणि सव्वासहाला परत यायची. गावकरी त्यावर घड्याळं लावू लागले, तेव्हा कुठे विभागीय भारनियंत्रण केंद्राला ही बाब गंभीर वाटली.

कारण नव्या जाळ्यात वीज जाण्याचं काही कारणच उरलं नव्हतं. पठारावर सौरपट्ट्या, घाटमाथ्यावर पवनचक्क्या, मध्ये दुप्पट भार वाहणाऱ्या नव्या तारा, आणि कुठे किती वीज धाडायची हे स्वतः ठरवणारं यंत्र, 'नियंता'. फक्त ऊन उतरलं आणि वारा अजून चढला नाही, अशा वेळी अकरा मिनिटांची फट पडायची. चाळीस गावांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसोळा सेकंद. फिरता पंखा थांबायच्या आत संपणारे. नियंता मात्र ती अख्खी सावरखुटीला द्यायचा.

हे तो शिकला होता निवृत्त उपअभियंता माधव खानझोडे यांच्या बावीस वर्षांच्या नोंदवह्यांवरून. म्हणून केंद्रप्रमुख तेजल मोहोडने त्यांनाच बोलावलं. खानझोडे कडक इस्त्रीचा सफारी घालून आले. यंत्राला आपलं वळण लागलंय, हे त्यांनी सोसायटीत आधीच सांगून ठेवलं होतं.

सावरखुटी उपकेंद्राचा ऑपरेटर सुदाम गवारेही आला होता, साहेबांसाठी ओल्या हरभऱ्याची जुडी घेऊन.

"आमची लाइनच नाजूक, मॅडम," तो म्हणाला. "साहेबांनी जपून जपून चालवली. गावाला शीतगृह आलं होतं, तेपण मीच नको म्हटलं. लाइनला झेपायचं नाही म्हणून. मग ते दुसऱ्या गावाला गेलं."

"काका, तुमची लाइन पहिल्यापासून ठणठणीत आहे," तेजल म्हणाली आणि खानझोडेंकडे वळली. "सर, तुम्ही आठशे बारा वेळा सावरखुटी तोडलीत. प्रत्येक वेळी कारण 'तांत्रिक'. नक्की काय होतं?"

खानझोडेंनी पाणी मागितलं. "यंत्राचं काय म्हणणं आहे?"

तेजलने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. त्यावर एकच ओळ होती: 'येथे वीज तोडल्यास फोन येत नाही.'

"ही सवय नुसती पुसता येत नाही," ती म्हणाली. "ज्याच्याकडून शिकला, त्यानेच खरं कारण सांगायचं. मग ते तुमच्या नावानिशी चाळीसही गावांच्या उपकेंद्रांत दिसेल. नाहीतर मी 'तांत्रिक' कायम करते. चालू राहील आहे तसं."

खानझोडेंनी ग्लास ठेवला, पुन्हा उचलला. वरून हुकूम यायचा, दोन मिनिटांत दोन मेगावॅट भार उतरवा. एका गावात आमदारांचे मेहुणे, दुसऱ्यात साखर कारखाना, तिसऱ्यातले मुख्याध्यापक फोनवरही तास घ्यायचे. सावरखुटीहून "हो साहेब" यायचं, वर "जेवलात का?" एवढंच. याला ते कौशल्य म्हणत आले होते. त्या कौशल्याचा चषक अजून घरी होता.

"सांगा ना साहेब," सुदाम म्हणाला. "समजावून सांगा मॅडमना, लाइनचं कसं होतं ते."

खानझोडेंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सुदामकडे न बघता ते नियंत्याच्या माइकमध्ये बोलले, "लाइनला काही झालेलं नव्हतं. सुदाम कधी भांडला नाही, म्हणून."

सुदामने जुडीतला एक घाटा तोडला, सोलला आणि दाणा तसाच हातात धरून बसला.

"म्हणजे मी भांडायचं होतं," तो अखेर म्हणाला. वरून आलेली सूचना लिहून घ्यावी, तशा आवाजात.

नियंत्याने दुरुस्ती स्वीकारली. जुना नियम गेला, नवा हवा होता, म्हणून त्याने चाळीसही उपकेंद्रांना विचारलं: आज साडेसोळा सेकंद घेता का? मिनिटभरात एकोणचाळीस फोन वाजू लागले. कुणाकडे लग्न होतं, कुणाकडे मंत्री. एकाने तर सोळा चालतील म्हणून सांगितलं, वरच्या अर्ध्याला त्याची हरकत होती.

तेजलने दोन्ही कानांना दोन फोन लावले आणि डोळ्यांनीच सुदामची माफी मागितली. "काका, आजच्या दिवस तुम्ही घेता का? उद्यापासून नक्की वाटून देते."

सहा वाजून तीन मिनिटं झाली होती. सुदामच्या ओठांवर 'हो' आलंच होतं. ते त्याने तिथेच थांबवलं. मग तो खानझोडेंकडे वळला. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच खानझोडेंना सहन होईना.

"साहेब," त्याने विचारलं, "काय सांगू?"