शब्द नसलेली धून

संगीत माणसांना जोडतं, असं थोर लोक सांगून गेले आहेत. आमच्या दवाखान्यात संगीत आलं, तेव्हा त्याचा स्वतःचाच खालचा ओठ फाटला होता.

"ओठ दाखवा," मी म्हणाले.

"पहिल्याच भेटीत?... जपून हं, सिस्टर. मी क्लॅरिनेट वाजवतो."

"मग बोलू नका. आणि नर्स असले, तरी सिस्टर म्हणू नका."

तो गप्प झाला. डोळे मात्र बोलत राहिले — आणि मी औषध गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ लावलं.

जाताना त्याने दारावरची पालिकेची नोटीस वाचली. महिनाअखेरीस दवाखाना बंद. "तुम्ही काही करत नाही?"

"आम्ही अर्ज करतो. पोचपावत्या छान मिळतात."

ओठ बरा झाला, तरी तो येत राहिला. बाकावर ताटकळणाऱ्या पेशंटांना निगुन शिकवू लागला. निगुन म्हणजे ज्यूंची शब्द नसलेली धून. ही त्याच्या आजोबांची होती. नुसतं 'याय-दाय-दाय'. शब्द येत नाहीत, ही सबबच उरत नाही. एकाच सुरावटीभोवती फिरत राहायचं आणि म्होरक्याने हात वर केला की थांबायचं. नंबरावरून भांडणारे रक्तदाब आणि मधुमेह एका सुरात येऊ लागले. मी मात्र नुसते ओठ हलवायचे.

"शुक्रवारी संध्याकाळी भेटाल?" मी विचारलं.

"भेटेन... पण आमचा शब्बाथ लागतो, विश्रांतीचा दिवस. वाद्य वाजवणार नाही."

"म्हणून तर शुक्रवार म्हणतेय."

मग एके सकाळी आम्ही झाडून सगळे पालिकेत, आरोग्य खात्याच्या साहेबांच्या दालनात शिरलो. ठरलं होतं असं — तीन फेऱ्या गायच्या, थांबायचं, मग गुडघेवाल्या आजींनी निवेदन वाचायचं. तिसरी फेरी झाली. त्याचा हात वर गेला नाही. पाचवीला बाहेरच्या रांगेतले लोक गाऊ लागले. नवव्या फेरीला शिपायाने टेबलावर ताल धरला.

"थांबा!" साहेब ओरडले.

"हात वर गेल्याशिवाय थांबता येत नाही," आजींनी श्वास घेता घेता सुनावलं. "रीत आहे!"

निवेदन कुणी वाचलंच नाही. साहेबांनी कानात बोट घालून, दुसऱ्या हाताने 'नोटीस रद्द' लिहिलं आणि सही ठोकली. तेव्हा कुठे मी पुढे होऊन त्याचा हात धरला, वर केला.

"काय झालं होतं तुम्हाला?" व्हरांड्यात मी विचारलं.

"तुम्ही गात होतात... पहिल्यांदाच. म्हटलं, आणखी एक फेरी ऐकू."

"बेसूर?"

"बऱ्यापैकी," तो म्हणाला. "जन्मभर ऐकेन... चालेल?"

"चालेल," मी म्हणाले. हात अजून सोडला नव्हता.

समोर आमचे पेशंट जिना उतरत होते. ज्यांना वाकल्याशिवाय चालता येत नाही, तेही ताठ मानेने. माझा ऊर भरून आला.

दवाखाना चालू आहे. डॉक्टरांची बदली झाली. नवे अजून आलेले नाहीत.