खोल कोपऱ्यातला गारठा

पोहण्याच्या हौदाचं पाणी तापवायचे मार्ग मोजून तीन, आणि मामाला तिन्ही झोपेतसुद्धा पाठ. बावीस वर्षं त्याने हेच केलं होतं: लोकांच्या घरी फिल्टर, पंप, बॉयलर बसवायचे, बिघडले की दुरुस्त करायचे. खरं तर तो एकाच मुलीचा मामा, पण तिने हाक मारायला सुरुवात केल्यापासून दुकानातली माणसंही त्याला मामाच म्हणू लागली. स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं. माया ही कुठेतरी ओतावीच लागते, साठवून ठेवली तर नासते. त्याने ती सगळी ताईच्या या एकुलत्या एका लेकीवर ओतली होती.

तिला घरात खारू म्हणत. दीड वर्षापूर्वीपर्यंत ती खारीसारखीच होती, आत्ता कठड्यावर तर आत्ता भिंतीवर. मग एके दिवशी जिन्यावरून पडली आणि कमरेखाली पाय असून नसल्यासारखे झाले. सव्वा वर्ष उपचार झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, नस तुटलेली नाही, दबलीय. कोमट पाण्यात रोज व्यायाम करून घ्या. जे परत यायचं ते आता पुढच्या सहा महिन्यांत येईल, पुढे आशा धरू नका. म्हणून ताई आणि भावोजींनी धावपळ करून हे घर घेतलं. घर दोन वर्षं बंद होतं, पण मागच्या अंगणात हौद होता.

मामाने पहिल्यांदा हौदाचं झाकण गुंडाळलं तेव्हा तो जरा वेळ नुसता बघत राहिला. पाणी काचेसारखं नितळ होतं. दोन वर्षं कुणी न ढवळलेल्या पाण्यात शेवाळाचा ठिपका नाही, पान नाही, मेलेली मुंगी नाही. भावोजी म्हणाले, आपलं नशीब. धंद्याचा नियम असा की जुनं पाणी आधी उपसून टाकायचं, हौद घासायचा, मग नवं भरायचं. पण त्यात आठवडा गेला असता, आणि सहा महिन्यांतला दीड महिना घराच्या भानगडीत आधीच संपला होता. मामाने पाणी तसंच ठेवलं. हाताखालच्या माणसाने असं केलं असतं तर त्याने त्याला उभं-आडवं झापलं असतं.

मग कुठला हीटर, यावर बैठक बसली. भावोजींचं मत, छतावर सौर पट्ट्या बसवाव्यात. ऊन देवाचं आहे, फुकट आहे. मामा म्हणाला, देव थंडीत ढगांआड बसला की पोरीने काय करायचं? गॅसचा बॉयलर झटपट तापवतो, पण त्याचा धूर नेमका खारूच्या खिडकीखाली सुटणार. राहिला हीट पंप. तो उष्णता तयार करत नाही, हवेतली उचलतो आणि पाण्यात नेऊन सोडतो. हळू चालतो, पण बैलासारखा न थकता.

"म्हणजे तू चोर आणि ते मशीन तुझं पोतं," खारू चाकांच्या खुर्चीतून म्हणाली.

मामा म्हणाला, तुझ्यासारख्या आगाऊ पोरीसाठी चोरीच बरी. त्यावर तिने त्याच्या टकलाकडे बघत विचारलं, तिथली उष्णता आधीच कोणी उचलून नेली का? ताई कितीतरी दिवसांनी हसली.

हौद आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, पंचेचाळीस हजार लिटरचा. पाणी एकोणीस अंशांवर होतं, न्यायचं होतं तेहतीसवर. मामाने कागदावर हिशेब मांडला: रात्रंदिवस मशीन चाललं तर अडीच दिवस, फार तर तीन.

पाचव्या दिवशी काटा चोवीसवर होता.

त्याने सगळं तपासलं. पंप ठीक, झडपा ठीक, मशीनमधून निघणारं पाणी हाताला चांगलं गरम. कुठून गळतंय का ते बघायला भिंतीवर पेन्सिलची खूण केली. दोन दिवसांत पाणी त्या खुणेच्या केसभरही खाली गेलं नाही. उष्णता आत जात होती, बाहेर येत नव्हती, आणि दिसतही नव्हती. बावीस वर्षांत त्याने असा हौद पाहिला नव्हता.

तेव्हा त्याने एक दोरी घेतली, हात-हात अंतरावर तिला थर्मामीटर बांधले, आणि हौदाच्या या काठापासून त्या काठापर्यंत वेगवेगळ्या खोलीवर पाणी मोजत गेला. दुपारभर हेच चाललं. सगळीकडे पंचवीस, सव्वीस. फक्त खोल कोपऱ्यात, तळाला लागून, एका जागी एकोणीस. पंप तासाला दहा हजार लिटर पाणी फिरवत होता. तिथे काही वेगळं गार राहूच शकत नव्हतं. तरी राहिलं होतं. मामाने त्या जागेची कड आकड्यांनी शोधली. साडेचार फूट लांब, हातभर रुंद, एका टोकाला जरा निमुळती. ती त्याने कागदावर काढली. काढलेल्याकडे पाहिलं, आकार निजलेल्या पोरासारखा होता. मग कागदाची चार वेळा घडी घालून तो खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी ती जागा पायऱ्यांच्या दिशेने दोन फूट सरकली होती.

त्याने भावोजींना एवढंच सांगितलं की पाणी उपसावं लागेल. ताईच्या कानावर ते जायच्या आत व्यायामाची वेळ झाली. ताई खारूला काखेत धरून पाण्यात उतरली, पोरीचे पाय मागे वेलीसारखे तरंगत होते. हौदाच्या मध्याशी आल्यावर खारूने आईचा दंड घट्ट धरला.

"आई, माझ्या टाचांना गार लागतंय."

दीड वर्षात त्या टाचांना सुई कळली नव्हती. ताई तिथेच, छातीभर पाण्यात उभी राहून रडली. मोठ्याने नाही. देवाला हात जोडायला हात मोकळे नव्हते, म्हणून तिने पोरीच्या केसांवर कपाळ टेकलं आणि पुटपुटली, एवढे पाय दे रे बाबा, बाकी काही मागणार नाही.

मामाने त्या संध्याकाळी तिला अंगणात गाठलं. दोरी, आकडे, सरकणारी जागा, सगळं सांगितलं. खिशातला कागद मात्र काढला नाही. ताईने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुला काय वाटतं ते मला सांगू नकोस," ती म्हणाली. "तिच्या पायांना कळलं, एवढंच मला कळतं."

पाणी उपसण्याचा विषय तिथे मिटला. रोज सकाळी मामाने गार जागा शोधून द्यायची आणि ताईने खारूचे पाय तिथे धरायचे, असा क्रम सुरू झाला. आठवड्यात घोटे कळू लागले, मग पोटऱ्या. एक अंगठा हलला. डॉक्टर तपासताना स्वतःशीच हसले. पण ती जागा सगळी ऊब शोषून घ्यायची आणि उरलेलं पाणीही हळूहळू गार होऊ लागलं होतं, म्हणून ताईने दुसरं मशीन मागितलं. नाही म्हणायला जागा होती. मामा अंगणात बराच वेळ उभा राहिला, नट आवळायचा पाना हातात घेऊन. मग त्याने दुसरं मशीन आणून बसवलं.

ते सुरू केलं त्या दुपारी खारू काठाशी त्याच्याजवळ होती. हल्ली ती थट्टा कमी करायची.

"आता ते पायरीशी आलंय, मामा," ती म्हणाली. "भरत आलंय."

त्याने विचारलं, काय भरत आलंय? तिने पाण्याकडे बघतच खांदे उडवले. तिचा हात त्याच्या मनगटावर होता. तो तिने काढून घेतला नाही, आणि त्यानेही सोडवला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी भावोजींचा फोन आला. दोन्ही मशीनं बंद पडलीत म्हणाले.

मामा पोचला तेव्हा अंगणात कुणी नव्हतं. मशीनं बंद पडलेली नव्हती. ठरलेला आकडा गाठला की ती आपली आपण थांबतात, तशी थांबली होती. पडद्यावर तेहतीस.

त्याने दोरी टाकली. या काठापासून त्या काठापर्यंत तेहतीस. खोल कोपऱ्यात तेहतीस. तळाला तेहतीस.

पुन्हा टाकली. पुन्हा तेच.

मग तो वळला. पायऱ्यांपासून घराच्या दारापर्यंत फरशीवर ओल्या पावलांची रांग होती. लहान, अनवाणी, टाच आणि पाची बोटं नीट टेकलेली. चाकांची खूण कुठेच नव्हती. खुर्ची काठाशी, होती तिथेच होती.

बाजूला मोठ्या माणसाचं एकही पाऊल नव्हतं.

आत खारू खोलीच्या मधोमध उभी होती. ताई जमिनीवर बसून तिच्या गुडघ्यांना मिठी मारून होती. भावोजी दाराला टेकून लहान मुलासारखे हुंदके देत होते. खारूने मामाकडे पाहिलं.

"या, मामा," ती म्हणाली. "बसा."

आजवर तिने त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

पुढे महिनाभर मामाने काही ना काही कारण काढून जाणं टाळलं. गेला तो ऐन थंडीत, सकाळी. खारू चालत होती. न लंगडता, न अडखळता, या खोलीतून त्या खोलीत. त्याच्या टकलाकडे तिचं लक्षही गेलं नाही. चहा झाला, इकडचं-तिकडचं बोलणं झालं. ताई घरात दोन स्वेटर घालून बसली होती. कप उचलताना तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो तोंड उघडायच्या आत हळूच म्हणाली,

"चालते ना ती?"

चालते, मामा म्हणाला.

निघताना त्या दोघी त्याला फाटकापर्यंत पोचवायला आल्या. हवा इतकी बोचरी होती की फाटकाची कडी बोटांना झोंबत होती. ताईने विचारलं, पुन्हा कधी येशील. मामा म्हणाला, बघतो. खारू म्हणाली, लवकर या. तिघं बराच वेळ तशीच बोलत उभी राहिली. ताई बोलली की तिच्या तोंडातून पांढरी वाफ निघे, मामा बोलला की त्याच्या.

खारू बोलत होती, हसत होती, आणि तिच्या तोंडासमोरची हवा स्वच्छ होती.