मुक्याचं फाटक

वीज गेलीच आहे, तर बसा आता. शेकोटीत एक ओंडका टाक रे, आणि मार्डलच्या रानातून जवळच्या वाटेनं जायचं खूळ डोक्यातून काढा. रस्त्यानं मैलभर लांब पडतं, ठाऊक आहे मला. तरी रस्त्यानंच जा. का, ते सांगतो. ट्रेव्हर लस्कमची गोष्ट आहे. तीस वर्षं तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहिला. धंद्यानं खाटीक. मेलेल्या जनावरांत उभा जन्म काढलेला माणूस, उगाच बिचकणारा नव्हता.

२०१९ सालच्या नोव्हेंबरची एकवीस तारीख, गुरुवार. दुकान विकून ट्रेव्हरला वर्ष झालं होतं आणि घरात बसून बायकोचं डोकं खायचं नाही, म्हणून त्यानं गावच्या पायवाटांची देखभाल अंगावर घेतली होती. कुठं झुडपं छाट, कुठं खांबावर पिवळा बाण ठोक, असलं काम. त्या दुपारी पायवाटांच्या कमिटीतल्या डॅफ्नी प्रिंगचा फोन आला.

"ट्रेव्हर, मार्डलमध्ये मोठ्या ओकच्या झाडापाशी बाणाचा खांब कुजून आडवा झालाय. रविवारी फिरायला आलेली दोन माणसं भलतीकडेच निघाली. आता माझ्या नावानं शंख करताहेत."

"नकाशा सुलटा धरायला सांग त्यांना."

"तू जातोस, की मी हातोडा घेऊन तुझ्याकडं येऊ?"

ट्रेव्हर निघाला. दारात बायकोनं, ग्लेनिसनं, त्याच्या गळ्यात मफलर कोंबला. "पाचला स्ट्यू उतरवते. उशीर केलास तर थंड गिळावं लागेल."

"थंड मांसाचं भय खाटकाला घालतेस?"

"मला नको सांगू. पाच म्हणजे पाच."

साडेतीनला तो रानाच्या तोंडाशी पोचला. आपली ती गल्ली माहीत आहे ना, दोन्ही अंगांना पुरुषभर उंच बांध, त्यावर काटेरी हॉलीची दाट झाडी? तिथंच डाव्या हाताला ते मुक्याचं फाटक आहे. जुनं, लाकडी. अर्धगोल कुंपणात झुलणारं दार. आत शिरायचं, कोपऱ्यात अंग चोरायचं, दार आपल्यासमोरून पलीकडं ढकलायचं, मग बाहेर. गुरं त्यातून जात नाहीत. माणसंही एका वेळी एकच. पुढं गेलेल्या पोरानं दार अडवून मागच्या पोरीकडं मुका मागायचा, अशी पूर्वीची रीत. हसू नका, तुमच्या आज्यांनाही विचारा.

ट्रेव्हर आत गेला. दहा मिनिटांत ओकापाशी. जुना खांब उपटला, नवा रोवला, दगडांनी ठोकून पक्का केला, त्यावर बाण मारला, गावाकडे तोंड करून. थर्मासातला चहा प्यायला. सव्वाचारला ऊन गेलं. टॉर्च लावून तो त्याच वाटेनं परत फिरला.

फाटक आलं. तो आत शिरला, दार ढकललं, बाहेर पडला. मागं दार आपटलं, खाडकन.

पायाखाली डांबर यायला हवं होतं. ओला पाचोळा आला.

त्यानं टॉर्च फिरवला. पुढं झाडं. मागं फाटक, आणि फाटकापलीकडंही झाडं. "वय झालं, लेका," असं तो स्वतःशीच म्हणाला. अंधारात दार उलट्या अंगानं ओलांडलं असणार. परत फिरून जायचं, एवढंच. पण मागं वळायच्या आधी चार पावलं पुढं टाकून पाहावं म्हणून तो चालला, आणि दहा मिनिटांनी त्याच्या टॉर्चच्या उजेडात पिवळा बाण उभा राहिला. त्यानंच ठोकलेला. खिळ्याचं डोकं अजून चकचकीत.

तो फिरला. पुन्हा वाट. पुन्हा फाटक. पुन्हा आत, दार, बाहेर. खाडकन. पाचोळा.

त्याची आजी सांगायची, रानात चकवा लागला तर कोट उलटा करून घालावा, वाट सुटते. सहासष्ट वर्षांचा बाप्या. इकडंतिकडं बघून त्यानं कोट काढला, अस्तर वर करून अंगात घातला, आणि मान खाली घालून निघाला. जणू कोणी बघून हसेल.

फाटक. दार. खाडकन.

पाचोळा.

त्यानं फोन काढला. तिथं कधी सिग्नलची रेघ येत नाही. त्या वेळी आली. एक. ग्लेनिसनं लगेच उचलला.

"कुठं आहेस रे? साडेसहा वाजले!"

साडेसहा? त्याच्या हिशेबानं पाचसुद्धा वाजले नव्हते.

"ग्लेनिस, मी फाटकापाशीच आहे. मला बाहेर... मला बाहेर पडता येत नाहीये."

"पडलास का? लागलं का कुठं?"

"नाही ग. मी धडधाकट आहे. फक्त..."

तिनं कान दिला. मग आवाज उतरवून म्हणाली, "ट्रेव्हर, तुझ्याबरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

"तू बोलायचा थांबलास की ऐकू येतं. कोणीतरी धापा टाकतंय. तुझ्या अगदी जवळ. दमून..."

रेघ गेली.

त्यानं श्वास धरला. त्याच्या कानावर काही आलं नाही. ओकाची पानं नाहीत, घुबड नाही, काही नाही. त्यानं टॉर्च मागं फिरवायला हात उचलला, आणि उचललेला हात तसाच राहिला. त्याला मागं बघवेना. बैलाचं मुंडकं एका घावात उतरवणारा माणूस... बघवेना त्याला.

तो धावला. फाटकाच्या कुंपणात घुसला आणि दार ढकललं.

दार हललं नाही.

त्यानं खांदा लावला. दार उलटं आलं. हळू. जोरानं नव्हे, पोर दाराला टेकून उभं राहावं तसं. ते त्याच्या छातीपर्यंत आलं आणि थांबलं. पाठीशी कुंपण. पोटाशी दार. मध्ये तो.

तेवढ्यात गाडी आली. गल्लीतून, पाच पावलांवरून. हॉलीच्या शेंड्यांवर उजेड सरकत आला. ट्रेव्हर जिवाच्या आकांतानं ओरडला. गाडी फाटकासमोर सावकाश झाली... आणि गेली. डॅफ्नी प्रिंगची होती ती. ग्लेनिसच्या फोनवरून त्यालाच बघायला आली होती. तिनं पुढं शपथेवर सांगितलं, मी काच खाली केली, फाटकावर दिवा मारला, तिथं चिटपाखरू नव्हतं. आवाज? कसला आवाज?

उजेड गेला. टॉर्चही विझला.

अंधार.

दार छातीशी.

मग त्याला ऐकू आलं. ग्लेनिस म्हणाली होती ते. धाप. त्याच्या मागून नव्हे. दाराच्या त्या अंगानं. खालून, त्याच्या कमरेइतक्या उंचीवरून.

"कोण आहे?"

...

"काय पाहिजे तुला?"

...

किती वेळ गेला, त्याला सांगता आलं नाही. पाय बधिर झाले. तो रडला, असंही त्यानं मला एकदा सांगितलं. आणि त्या रडण्यातच त्याला ते उमगलं. बाहेर पडायला तीनदा तो या फाटकातून गेला. तिन्ही वेळा दार मागं सोडून दिलं. आपटू दिलं. मागून कोणी येत असेल, हे त्यानं पाहिलंच नव्हतं. मागं राहिलेल्यानं मग त्याला परत आणलं. दार धरायला.

त्यानं डोळे मिटले. दार दोन्ही हातांनी स्वतःकडं ओढून घेतलं. बरगड्या दुखेपर्यंत कोपऱ्यात अंग चोरलं. पुढची वाट मोकळी केली.

"जा," तो म्हणाला. "आधी तू जा. मी धरलंय."

काही नाही.

काही नाही.

मग दार हलकं झालं. त्याच्या हाताच्या पाठीवरून काहीतरी गेलं. गार. ओलं. बोटांसारखं... आणि कुजक्या पानांचा वास आला, आणि गेला.

त्यानं वीसपर्यंत आकडे मोजले. दार ढकललं. ते आपटू नये म्हणून हातानं धरून, सावकाश लावलं. पाय पुढं टाकला.

डांबर.

मी त्याला गल्लीच्या वळणावर भेटलो. ग्लेनिसनं मला जेवणावरून उठवून कंदील घेऊन पाठवलं होतं. आठला वीस मिनिटं कमी होती. उलटा कोट, तोंड पिठासारखं पांढरं, आणि दोन्ही तळव्यांत लाकडाची दहा-बारा कुसळं. मी विचारलं, "ट्रेव्हर, अरे काय झालं?" तर म्हणाला, "लहान होतं, लेनर्ड. एकच होतं. एकटंच होतं." त्या रात्री तो एवढंच बोलला. ग्लेनिसनं स्ट्यू तिसऱ्यांदा गरम केला, तो त्यानं तोंडात घातला नाही. बाकीचं सगळं पुढच्या वर्षभरात तुकड्यातुकड्यांनी कळलं.

तुम्ही विचाराल, त्या रानात पूर्वी कोणाचं पोर हरवलं होतं का? आम्हीही विचारलं. चर्चची जुनी बुकं चाळली, पंचाण्णव वर्षांच्या म्हाताऱ्यांना विचारलं. कोणाचंच नाही. ट्रेव्हर पुढं तीन वर्षं जगला. बँकेत, दवाखान्यात, कुठंही दारातून गेला की मागं वळून दार धरून उभा राहायचा. मागं कोणी नसलं तरी. लोक हसायचे. त्याला पर्वा नव्हती.

पण दुसऱ्याच दिवसाची, त्या शुक्रवारची सकाळ मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. रात्री कडक गोठलं होतं. सात वाजता मी आपली ती गल्ली संपते तिथल्या तळ्यापाशी गेलो. गवत पांढरं, कुंपणं पांढरी, तळ्याच्या कडेला बर्फाची साय. तळ्याकाठचा तो बाकही पांढराशुभ्र होता, बोटभर गोठलेलं दहिवर साचलेलं. फक्त बसायच्या फळीवर दोन जागा कोरड्या होत्या. मी हात लावून पाहिल्या. ट्रेव्हर तर रात्रभर अंथरुणातून हललाही नव्हता.

एक मोठ्या माणसाची.

आणि तिला अगदी चिकटून... एवढीशी.