खिंडीतून मागे

अट साधी होती. आम्हा दोघांपैकी एकाने तरी रविवारी सूर्य मावळायच्या आत, पॅडल मारतच, डोंगरापलीकडच्या कॅन्सर संशोधन केंद्रावर पोहोचायचं. मग एक कारखानदार केंद्राला हवं असलेलं यंत्र घेऊन देणार. त्या यंत्रावर बनणाऱ्या नव्या औषधाकडे माझी आई डोळे लावून बसली होती. तेव्हा कॉलेजला दांडी मारून मी निघाले. सोबत आला मामेभाऊ. घरात त्याला मिस्त्री म्हणतात, कारण दिसेल ती वस्तू उघडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

रविवारी दुपारी खिंडीच्या माथ्यावर आलो तेव्हा मांड्या भरून आल्या होत्या आणि गारठ्याने बोटं वळत नव्हती. पण आता पुढे सगळा उतार! रस्तादुरुस्तीवाल्यांची पत्र्याची शेड मागे टाकून आम्ही क्षणभर टेकलो.

"चेन कुरकुरतेय," मिस्त्री म्हणाला.

"उतारावर चेन कशाला लागते तुला? चल की."

"तुला यातलं काय कळतं?"

त्याने तेलाचा स्प्रे काढला आणि मनसोक्त मारला. वाऱ्याने निम्मं तेल मागच्या ब्रेकच्या चकतीवर नेऊन बसवलं. वर स्वच्छतेचा सोस! त्याच तेलकट फडक्याने साहेबांनी पुढची चकतीही चकाचक पुसली.

दुसऱ्या वळणावर तो माझ्या शेजारून सुसाट गेला.

"ब्रेक लागत नाहीये!"

समोर वळण. वळणापलीकडे नुसतं धुकं.

"खडीवर घाल! डावीकडे!"

हँडल फिरलं. सायकल खडीच्या ढिगात घुसली. मिस्त्री उडाला, आपटला, घसरत कडेपर्यंत गेला! थांबला तेव्हा त्याचे दोन्ही पाय दरीवर लोंबत होते.

पाठीवरच्या पिशवीचे पट्टे धरून मी त्याला मागे ओढलं. उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता. मोबाइलला रेंज नव्हती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि त्यात गारा सुरू झाल्या.

"तू जा," तो दात वाजवत म्हणाला. "खाली पोहोच, मग माणसं पाठव. आत्याचं औषध आहे ते."

मी सायकलवर बसलेसुद्धा. खोटं कशाला बोलू, मला जायचंच होतं. मग मागे वळून पाहिलं. त्याचे ओठ निळे पडले होते, डोळे मिटत चालले होते. माणसं येईपर्यंत हा टिकणार नाही, हे मला लख्ख कळलं.

हवा भरायचा पंप त्याच्या पायाला बांधला. त्याला माझ्या सायकलच्या सीटवर कसंबसं चढवलं आणि पुन्हा खिंडीकडे, त्या जवळच्या पत्र्याच्या शेडकडे, चढावर ढकलायला लागले. दम लागला की ब्रेक दाबून धरायचा, नाहीतर दोघंही मागे गडगडणार. गारा तोंडावर बसत होत्या. मी रडत होते, त्याला शिव्या देत होते.

"झोपू नकोस. बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"चेन कशी आहे ते सांग, गाढवा."

"मस्त... कुरकुरत नाहीये."

वळणावरून शेड दिसली तेव्हा मला हाक मारायचंही त्राण नव्हतं. मुकादमबाई स्वतःच धावत बाहेर आल्या. चार जणांनी त्याला उचलून शेगडीजवळ नेलं. बाईंनी वायरलेसवरून रुग्णवाहिका मागवली, मग दवाखान्यात पडून असलेल्या आईशी बोलणं जोडून दिलं. बाहेर उजेड सरत आला होता.

"आई, मी मागे फिरले गं. आपलं यंत्र गेलं."

"मिस्त्री कुठंय?"

"इथेच. पाय मोडलाय. पण बोलतोय."



"तू त्याला तिथे टाकून पुढे गेली असतीस ना," आई म्हणाली, "तर ते औषध माझ्या घशाखाली उतरलं नसतं." आणि मग तिने वायरलेस मिस्त्रीच्या कानाला लावायला सांगून त्याला यथेच्छ झापलं.