कोंडिबाची रास

मंगळावर भूकंपमापक उघडा ठेवला, तर तो वाऱ्यानंच थरथरत राहील. त्याच्यावर वजन हवं, आणि वजन इथून न्यायचं तर खर्च परवडणार नाही. म्हणून तिथलेच दगड रचून यंत्र झाकायचं, ही आमची कल्पना. चाचणीला हिर्डोशीच्या वरचा सडा छान होता. काळा कातळ, सोसाट्याचा वारा आणि चिटपाखरू नाही.

सुटे दगड मात्र एकाच ठिकाणी होते, पाऊलवाटेलगतच्या राशीत. सामान वाहायला आलेला गावातला गोरख घुटमळला.

"मॅडम, ती रास नगं. जानारा-येनारा एकेक धोंडा ठेवतो तितं."

"संध्याकाळी परत ठेवू की," मी म्हणाले. जागेवरचंच वापरायचं, हा नियम माझाच होता. दगडही मीच उचलून यंत्रावर रचले.

दुपारी यंत्राच्या पडद्यावर ठोके उमटले, माणसाच्या चालीचे. ते मोठे होत गेले, मग बारीक होत विरले. गोरख माझ्या शेजारी बसून भाकरी खात होता. सडा रिकामा होता.

"गुरं असतील," मी म्हणाले.

गोरखनं उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळली. "चंद्राबाईचा मालक ह्या वाटंच्या खालच्या उतारावर दरडीखाली गेला. कोंडिबा. हाताला काय लागलं न्हाई. वाटंत गेलेला मानूस घर हुडकत ऱ्हातो. वर वजन असलं की निजतो. चंद्राबाई अजून रोज धोंडा ठेवत्यात."

आधी का नाही सांगितलंस, असं विचारायला तोंड नव्हतं. तो सांगतच होता, मी ऐकून घेतलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. यंत्र उघडं टाकून आम्ही सगळे दगड परत रचले. पडद्यावर आता नुसता वारा थरथरत होता, ठोके नव्हते, पण मला काही बरं वाटेना.

सकाळी माफी मागायला चंद्राबाईंच्या घरी गेले. त्या दारातच होत्या, पदरात ओढ्यातले गोटे घेऊन.

"माझं चुकलं. मी रास मोडली."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं.

"हळू बोला, बाई. मालक लई चालून आल्यात. पर डोळा लागंना." त्यांनी एक गोटा माझ्या हातात दिला. "ह्यो तुमी ठेवा."

आत बाजेवर घोंगडी पसरली होती. तिच्यावर गोटे मांडलेले.

मी माझा ठेवला.

गोटा हळूच वर आला. खाली बसला.

पुन्हा वर आला.