गर्दीतला एकटा फोन

मुगोयाला पोलिसांनी उचललं, ही बातमी नाबुकेन्याला बोडावाल्याच्या, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवाल्याच्या मागे बसलेली असतानाच कळली. कम्पालातल्या एका धर्मादाय दवाखान्यातून मलेरियाच्या गोळ्या चोरीला जातात, याचे पुरावे तिथला भांडारपाल असलेल्या मुगोयानेच तिच्या वर्तमानपत्राला पाठवले होते. तुझं नाव फुटणार नाही, असा शब्द तिने दिला होता.

आणि आज दुपारी एक वाजता तिथलीच नर्स अकेलो उरलेले कागद पाठवणार होती. त्याच वाटेने. फोन करायचा नाही, असं ठरलेलं. नाबुकेन्याने बोडा पोलीस ठाण्याकडे वळवायला लावली.

"कागद कसे पाठवलेस?" तिने गजांआडच्या मुगोयाला विचारलं.

"टॉरवरून. तुमच्या कचेरीतल्या ओजोकने शिकवलं. निरोप तीन अनोळखी यंत्रांतून फिरतो, दोन्ही टोकं कुणालाच कळत नाहीत. व्हीपीएन म्हणजे सगळा भरवसा एकाच कंपनीवर."

"टॉरचं ठाऊक कुणाला?"

"तुम्ही, मी, ओजोक. त्यानेच दगा दिला, ताई. दुसरं कोण?"

"आणि इंटरनेट कुठलं?"

"दवाखान्याचं वायफाय. डेटा काय फुकट मिळतो?"

ती तडक दवाखान्यात गेली. तिथलं वायफाय सांभाळणारा सेमवांगा शेंगदाणे खात बसला होता.

"बसा, न्याबो," तो 'बाईसाहेब' म्हणावं तशा अदबीने म्हणाला. "मुगोयाचं ऐकून फार वाईट वाटलं."

"त्याने काय पाठवलं ते तुम्हाला दिसलं होतं?"

"छे हो. सरकारने फेसबुक बंद केल्यापासून अख्खा दवाखाना व्हीपीएनवर. डॉक्टर, झाडूवाले, मीसुद्धा. आत कोण काय करतंय, देव जाणे."

"मग तो सापडला कसा?"

"आगाऊपणा नडला. सगळ्यांसारखं व्हीपीएन लावायचं सोडून टॉर कशाला हवा होता त्याला?"

"टॉर? मी तर नावही काढलं नाही."

सेमवांगाचा हात शेंगदाण्यांच्या पुडीतच राहिला.

"म्हणजे ओजोक नाही, तूच," नाबुकेन्या म्हणाली. तिला संताप आवरत नव्हता. "कागद उघडायची तुला गरजच पडली नाही. सगळे व्हीपीएनवर आणि त्या दुपारी एकच फोन टॉरवर. टॉरने कागद झाकले, पण टॉर वापरणारा इथे कोण, हे नाही झाकलं. भर लग्नात एकट्यानेच तोंड बांधून यावं, तशी गत झाली बिचाऱ्याची. कागद कुणी बाहेर पाठवले, असं दवाखान्याच्या संचालकाने विचारलं आणि तू बोट दाखवलंस."

"मला नोकरी टिकवायची होती, न्याबो. पोरं आहेत मला."

"त्यालाही आहेत."

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजत आला होता. सेमवांगाची नजर चोरटेपणाने संगणकाच्या पडद्याकडे गेली, जिथे वायफायवर कोण काय वापरतंय ते दिसायचं. तिने उठून वायफायच्या डब्याची वायर उपटली.

बाहेर एकच कालवा झाला. हातात फोन घेऊन सगळे व्हरांड्यात आले, त्यांत अकेलोही होती. नाबुकेन्या तिच्याकडे न बघता तिच्या शेजारून गेली आणि पुटपुटली, "इथून नको. बाजारातून पाठव. आधी व्हीपीएन लाव, मग टॉर, म्हणजे टॉर कुणाला दिसणार नाही."

अकेलोने काही ऐकल्याचं दाखवलं नाही. वायफायला शिव्या घालत डेटा घ्यायला निघालेल्या घोळक्यात ती मिसळली, आणि मग कुठली ती, हे नाबुकेन्यालाही ओळखता येईना.