तीन-अ क्रमांकाची तार

सन २०१५, ऑक्टोबर महिना. सुमात्रातील जळत्या रानांचा धूर समुद्र ओलांडून मलेशियातल्या आमच्या मुआर गावावर येऊन बसण्याचा तो मोसम. भर दुपारी दिवे लावावे लागत आणि घराघरांत जळकट वास कोंडून राही. म्हणूनच एकोणीस तारखेला माशाच्या काचपेटीवरचा दिवा आतून जळाला, तेव्हा तो वास मला वेगळा ओळखता आला नाही.

हा दिवा माझ्या यजमानांनी स्वतः जोडलेला होता. मार्च महिन्यात ते गेले. पेटीतला लाल आरोवाना मासा बावीस वर्षांचा. आम्हाला मूलबाळ नाही, म्हणून ते त्याला ‘धाकटा’ म्हणत, आणि रोज पेटीच्या पलीकडच्या टोकाशी उभे राहून, कोळंबीचे डोके पिळून काढून त्याला भरवत. त्या एका दिव्याखेरीज दुसऱ्या उजेडात तो अन्नाला तोंड लावीत नसे. मी नवे दिवे आणून पाहिले. नऊ दिवस तो तळाशी निपचित पडून होता. पोट खपाटीला गेले होते. आणखी दोन-तीन दिवसांत तोही जाईल, हे मला स्पष्ट दिसत होते.

रेडिओ दुरुस्त करणारा सिन्नप्पन मुलीकडे गेला होता. तो बुधवारी दुपारी आला. दिवा उघडताच त्याने नाक मुरडले.

“टीचर, पाण्याची वाफ शिरलीय. बोर्डाचा कोपरा पार कोळसा झालाय.”

आत पाच तारा होत्या, एलईडीच्या एकेका ओळीला एक. प्रत्येकीवर पांढरी पट्टी, आणि तिच्यावर यजमानांचे रेखीव आकडे : १, २, ३, ३-अ, ५.

“आणि चार कुठं पळाला?”

“आमच्या चिनी होक्किएन बोलीत ‘चार’ म्हटलं की ‘मरण’ म्हटल्यासारखं ऐकू येतं. घरात तो आकडा लिहीत नाहीत.”

“म्हणजे तुमच्या वर्गातली पोरं तीनानंतर एकदम पाच म्हणायची?”

“म्हणाली असती तर बाकावर उभी केली असती. गणितात चार, घरात तीन-अ. मुकाट्यानं काम कर.”

त्याने जळलेला भाग काढला, नवा बसवला, डाग दिले. तीन-अ क्रमांकाची तार वितळली होती. तीही बदलली आणि नव्या पट्टीवर ठसठशीत ४ लिहिला.

“तीन-अ लिही, सिन्नप्पन.”

“तारेला काय वाचता येतंय, टीचर?”

दिवा लागला. चार ओळी उजळल्या. एक काळी राहिली. त्याने मीटर लावून पाहिले. वीज नीट पोहोचत होती. तारेवरची पट्टी मात्र कोरी होती.

“शाई कच्ची असेल,” तो म्हणाला आणि त्याने पुन्हा ४ लिहिला, या वेळी दाबून. झाकण न लावताच बटण दाबले. ओळ काळीच. आम्ही दोघेही पट्टीकडे पाहत होतो. आकडा एका टोकापासून हळूहळू पुसला जात होता, पाटीवरून ओले बोट फिरवावे तसा.

“टीचर... तुम्ही पाहिलंत...?”

“पाहिलं.”

“साहेब... रागावले का हो?”

“रागावत नाहीत ते. चूक असली की पुसतात, एवढंच.” मी हात पुढे केला. “आण ते पेन इकडे.”

मी पट्टीवर ३-अ लिहिले. बटणाला कोणी हात लावण्यापूर्वीच काळी राहिलेली ओळ उजळली; एकदम नव्हे, सावकाश, झोपलेल्या माशाने दचकू नये इतकी सावकाश.

सिन्नप्पन हत्यारे गोळा करून अंगणात जाऊन उभा राहिला. मी स्वयंपाकघरातून वाटीत पाच कोळंब्या घेऊन आले, तोवर धाकटा वर आला होता. माझ्याकडे नव्हे, पेटीच्या पलीकडच्या टोकाशी, जिथे कोणीच उभे नव्हते. तेथे पाणी डचमळले. त्याने तोंड उघडून काहीतरी गिळले, आणि पुन्हा तोंड वर करून तो वाट पाहू लागला.

अशा रीतीने अठ्ठावीस ऑक्टोबर रोजी, दुपारी साडेचार वाजता, धाकट्याचा उपास सुटला. त्या दिवसापासून तो रोज जेवतो.

माझ्या वाटीतल्या पाचही कोळंब्या अख्ख्या होत्या. पलीकडच्या टोकाशी मात्र, फरशीवर, नुकतेच पिळून मोडलेले कोळंबीचे एक डोके पडले होते. त्याच्या मिशा अजून हलत होत्या.